कानाडोळा

चष्म्यातून बोट आरपार गेलं तेव्हा काउंटरपलीकडच्या बाई हसत होत्या. बाई जुन्या गिऱ्हाईक; शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कुणाची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर तजेला यायचा. आदल्या दिवशी नेलेला चष्मा त्यांनी चष्मेवाल्याच्या नाकासमोर धरला होता आणि फ्रेमच्या रिकाम्या कड्यातून तर्जनी घालून ती त्या हलवत होत्या. "ही काय नवी टूम काढलीत? एक काच दुकानाची आणि एक गिऱ्हाइकानं घरून आणायची?" तो अदबीने पुढे वाकला. त्याला एक काच दिसत होती, स्वतः बसवलेली, स्वतः पुसलेली, ओरखडा नाही की ठसा नाही. तिच्यात हसण्यासारखं काय आहे ते त्याला उमगेना. "नंबर बरोबर वाटत नाही का बाई?" त्याने विचारलं. "चालताना जमीन वरखाली होते? होतं असं सुरुवातीला, मग डोळा सरावतो." बाईंचं बोट हलायचं थांबलं. मागच्या खोलीतलं काच घासायचं मशीनही थांबलं आणि मेहुणा हात पुसत बाहेर आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं, नजर तपासणं आणि फ्रेम बसवणं याच्याकडे, काचा त्याच्याकडे. मेहुण्याने चष्मा पाहिला, बाईंचं बोट पाहिलं आणि मग याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "दाजी, एकच काच बसवलीत." "डोकं फिरलंय का तुझं? समोर दिसतेय की." मेहुण्याचा स्वभाव मुळात चेष्टेखोर, तेव्हा दोघांनी मिळून आपल्याला गिऱ्हाईक केलंय असंच त्याला वाटलं. मेहुण्याने बाईंचा हात, चष्म्यासकट आणि बोटासकट, हळूहळू उजवीकडे सरकवला. आणि बोट आलं. कुठून आलं ते कळलं नाही. आधी नव्हतं आणि मग होतं, नखासकट, सुरकुत्यांसकट, रिकाम्या कड्यात उभं. तो दचकून मागे झाला आणि स्टुलावरून पडता पडता राहिला. "दाजी," मेहुणा एकदम हळू आवाजात म्हणाला, "सकाळी दाढी करताना आरशात बघितलंत का?" दाढी त्याने केली होती, नेहमीसारखी, गालावरून हात फिरवून खात्रीही केली होती. मेहुण्याने त्याचा हात धरून दुसऱ्या गालावर नेला. तिथे खुंट वाढलेले होते. परक्या माणसाच्या गालाला हात लागावा तसा त्याला संकोच वाटला आणि त्याने तो काढून घेतला.

मेंदूच्या डॉक्टरबाई त्याच्या मुलीच्याच वयाच्या होत्या आणि तिच्यासारख्याच घाईघाईने बोलत होत्या. मेंदूचा फोटो येईपर्यंत त्याला दम निघेना. त्याने आपली तपासणी आपणच सुरू केली. तळहाताने डावा डोळा झाकला, मग उजवा, आणि भिंतीवरचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडखडीत म्हणून दाखवला. "दोन्ही डोळे ठणठणीत आहेत," तो म्हणाला, "बघा तुम्हीच." डॉक्टरबाईंनी तक्त्याकडे पाहिलंच नव्हतं, त्या त्याच्या बुबुळांकडे बघत होत्या. "काका, तुम्ही पाठ म्हणताय." खरंच की. सारं आयुष्य तो त्याच तक्त्याशेजारी छडी घेऊन उभा राहिलेला. वर एकच ठसठशीत अक्षर, खाली उतरत्या भाजणीने बारीक होत जाणाऱ्या ओळी. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटला असता. बाईंनी तक्ता उलटून पाठीमागचा दुसरा लावला. आता त्याने प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं वाचली आणि झालं म्हणून हात मांडीवर ठेवले. मग बाईंनी दोन्ही हात बाजूंना धरून बोटं हलवली. डावं एकटं हललं तर त्याला कळत होतं. उजवं एकटं हललं तरी कळत होतं. दोन्ही एकदम हलली की फक्त उजवं. "म्हणजे डावीकडे उजेड पोचतोय," बाई म्हणाल्या, "पण उजवीकडे कुणी आलं की डावं मावळतं." त्यांनी कागदावर आकृती काढली. दोन डोळ्यांच्या दोन नसा मेंदूच्या तळाशी भेटतात, निम्म्या निम्म्या तारांची अदलाबदल करतात आणि मग डावीकडचं सगळं उजव्या मेंदूत जातं, उजवीकडचं डाव्या. इथवर त्याचं सगळं शाबूत होतं. "पण डोळा नुसता उघडा राहून बघत नाही काका. तो सारखा उड्या मारत असतो, या वस्तूवरून त्या वस्तूवर. पुढची उडी कुठे मारायची ते ठरवणाऱ्या जागा असतात, त्यातली मोठी इथे, उजव्या कानाच्या वर, जरा मागे. तुमची तीच सुकलीय, रक्त न मिळाल्यामुळे. डोळा डावीकडे वळायला मोकळा आहे. पण तिकडे वळण्यासारखं काही आहे, हेच त्याला आता वाटत नाही."

"म्हणजे डावलतोय मी," तो म्हणाला. बाई लिहायच्या थांबल्या आणि हसल्या. "अगदी हाच शब्द. मला इतकी वर्षं सुचला नव्हता." त्यालाही क्षणभर बरं वाटलं, शाळेत पाठीवर थाप पडल्यासारखं. मग त्याने विचारलं, "याला नंबर किती?" प्रश्न तोंडातून गेल्यावर त्यालाच तो वेडगळ वाटला, पण दुसरा कुठला प्रश्न त्याला येतही नव्हता. दुकानात येणारं प्रत्येक माणूस काहीतरी दिसत नाही म्हणून यायचं आणि तो त्याला नंबर द्यायचा. काच पुढे, काच मागे, हे बरं का ते बरं, आता? आणि आता? शेवटी माणसाचा चेहरा एकदम सैल पडायचा, दिसलं. नंबर न देता त्याने कुणाला घरी पाठवलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की काहींचं पुष्कळ सुधारतं, काहींचं थोडं, नक्की कुणीच सांगू शकत नाही. व्यायाम द्यायचे, डावीकडे बघायची आठवण करत राहायची. मग त्यांनी त्याला एका यंत्रासमोर बसवून बाजाराचं एक चित्र दाखवलं. त्याची नजर चित्रावर जिथे जिथे टेकली तिथे तिथे यंत्राने लाल ठिपका टाकला होता. "हे तुमच्या नजरेचे पाय," बाई म्हणाल्या आणि ठिपक्यांचं चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याने ते नीट निरखलं. "सगळीकडे फिरलीय की नजर," तो म्हणाला, "एक जागा सोडलेली नाही." दारात उभ्या असलेल्या मुलीने तोंड फिरवलं. ते का फिरवलं हे त्याला घरी आल्यावर, ताटाच्या प्रसंगानंतर कळलं.

मुलगी आपलं घर आणि नोकरी सांभाळून त्याच्याकडे राहायला आली होती. नवऱ्याला तिने सांगितलं, थोडे दिवस; थोडे म्हणजे किती ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. पहिल्याच दुपारी जेवताना तो म्हणाला, "एवढंच केलंस? जमत नसेल तर सांग ना बाई, मी आणत जाईन बाहेरून." ती उठली, त्याचं ताट धरून अर्धं फिरवलं आणि परत जाऊन बसली. अर्धं ताट भरलेलं होतं. त्याने ते मुकाट्याने संपवलं. पुढे पुढे तो ताट आपणच फिरवायला शिकला, पण एकदा फिरवल्यावर कधी थांबायचं ते कळत नसे आणि रिकामं ताट तो गोल गोल फिरवत बसे. वर्तमानपत्राचं वेगळंच. अगदी डाव्या कडेला जे अक्षर येईल ते त्याच्या लेखी छापलेलंच नसायचं, आणि आपल्या भाषेत नकार तर नेमका डाव्या दाराने शब्दात शिरतो. अशक्य होतं ते शक्य झालं, असाध्य ते साध्य, अन्याय झाला तो न्याय. "बरं चाललंय हल्ली जगाचं," तो म्हणाला. मुलीने खांद्यावरून डोकावून तीच ओळ वाचली आणि आधी हसू दाबलं, मग ते दाबता दाबता तिला रडूच आलं. तो तिला समजावत राहिला की अगं, यात रडण्यासारखं काय, मजा आहे. त्याला खरोखरच त्यात तेव्हा मजा वाटत होती. आजार असून आजाऱ्याला दुखत नाही, हाच त्या आजाराचा डाव होता.

दुखलं ते एका साध्या संध्याकाळी. मुलगी डॉक्टरबाईंनी सांगितलेला व्यायाम घेत होती: डोळे मिटायचे, ओळखीच्या रस्त्याने मनातल्या मनात चालायचं आणि काय काय लागतं ते बोलायचं. त्याने पाण्याकाठचा रस्ता घेतला. दुकान बंद केल्यावर तो रोज त्या रस्त्याने घरी यायचा, जाणूनबुजून लांबचा वळसा घेऊन. उजव्या हाताला दगडी कठडा, पलीकडे पाणी, कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं, फुगेवाल्याची सायकल, मग तो गंजलेला दिवा ज्याच्याखाली एक म्हातारा बुद्धिबळ मांडून बसायचा आणि समोर कुणी नसलं तर दोन्ही बाजूंनी खेळायचा. "छान," मुलगी म्हणाली, "आणि?" "आणि काय, घर आलं. त्या रस्त्याला शांत वाटायचं मला. एकटाच असायचो ना." त्याने डोळे उघडले. ती त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली होती, हल्ली सगळे त्याच्या उजवीकडेच बसत, आणि तिचा चेहरा उतरला होता. "एकटे?" ती म्हणाली. "बाबा, आई असायची. रोज. क्लास सुटला की ती दुकानावर यायची आणि तुम्ही दोघं चालत यायचात. मी खिडकीतून बघायचे तुम्हाला येताना." "हो, हो," तो म्हणाला, "तेच ते. असायचीच." आणि तिने मान्य करावं म्हणून पुन्हा म्हणाला, असायचीच. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. बायको शॉर्टहँड-टायपिंगच्या क्लासात शिकवायची, सहा वाजता सुटायची, हे त्याला तक्त्यासारखं पाठ होतं. त्याने पुन्हा डोळे मिटले. कठडा, पाणी, पोरं, फुगे, दिवा, म्हातारा. तो एकटा चालत होता.

बायकोचा डावा कान लहानपणी तापात गेलेला. त्याला ते माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट: ती भावाचा डबा घेऊन दुकानात यायची, हा काउंटरवरून काहीबाही विचारायचा आणि ती ढिम्म उभी. याने तिचं नाव मनात भावखाऊ ठेवलं. शेवटी मेहुणाच, तेव्हा तो मेहुणा नव्हता, नुसता सोबतीला शिकणारा पोरगा होता, म्हणाला, "त्या बाजूनं बोलून काय उपयोग? भिंतीशी बोलल्यासारखं आहे. उजवीकडे जा." तो काउंटरला वळसा घालून उजवीकडे गेला आणि तिथेच राहिला. लग्न झालं, पोर झालं, दुकान वाढलं, पण दोघांच्या जागा बदलल्या नाहीत. रस्त्यावर ती त्याच्या डाव्या हाताला, सिनेमात डाव्या खुर्चीत, जेवताना टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, झोपताना डावीकडे, म्हणजे तिचा उजवा कान त्याच्याकडे. क्लासात मशीनं खडखडायची, तिकडे ती बहिरा कान करायची आणि मुलींच्या शंकांकडे चांगला. त्यामुळे तिथे बाकीच्या शिक्षिकांचं डोकं दुखायचं, तिचं कधी दुखलं नाही. कुणी नवीन माणूस घरी आलं की त्याचा एक ठरलेला विनोद असायचा: "हिचा कान गेलेला आणि माझा धंदा डोळ्यांचा, तेव्हा आमचा संसार म्हणजे निव्वळ कानाडोळा." त्यावर ती म्हणायची, "म्हणून तर टिकलाय." पाहुणे हसायचे. हेही त्याला आठवत होतं, शब्दन् शब्द. पाहुण्यांचे चेहरे दिसत होते, चहाचे कप दिसत होते, आणि 'म्हणून तर टिकलाय' हे वाक्य डावीकडच्या पोकळीतून, तोंडाशिवाय यायचं. ती वारली त्याला आता काही पावसाळे उलटून गेले होते. तेव्हा हृदय थकलंय असं सांगितलं होतं आणि ते खरंच हळूहळू थकत थांबलं. त्या दुःखाची त्याला सवय झाली होती, म्हणजे ते कुठे ठेवलंय ते त्याला माहीत होतं. संध्याकाळी दुकान बंद केलं की तो पाण्याकाठच्या रस्त्याला लागायचा आणि डाव्या हाताला ती असायची. खरी नाही हे काय त्याला कळत नव्हतं? पण असायची. आता तो तिथे हात घालत होता आणि हाताला काहीच लागत नव्हतं.

पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा मुलीला बाहेर बसवलं. पोटच्या पोरीपुढे बायकोबद्दल असं बोलायची त्याला लाज वाटली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मनातल्या चित्रालाही डावी बाजू असते काका. बाहेरची डावी बाजू आणि आतली डावी बाजू मेंदू जवळजवळ एकाच जागेवरून बघतो. तुमच्यासारखे आणखी आहेत. त्यांना आपल्या गावातला चौक आठवायला सांगितला की फक्त उजवीकडच्या इमारती सांगतात. मग म्हटलं, आता चौकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा, तिथून बघा, की आधी न सांगितलेल्या सगळ्या इमारती सांगतात. आणि आधीच्या विसरतात." "म्हणजे जात काही नाही," तो म्हणाला. "जात काहीच नाही. सगळं आहे जागच्या जागी. तुमची पाठ कुठे आहे त्यावर आहे सारं." त्याला हे इतकं सोपं वाटलं की तो भाबडेपणाने हसला. एवढंच ना, मागे वळायचं. घरी येताना गाडीत बसल्या बसल्याच त्याने डोळे मिटले, पाण्याकाठच्या रस्त्याच्या घराकडच्या टोकाला गेला आणि दुकानाकडे तोंड करून चालू लागला. आणि खरोखर, रस्त्याची हरवलेली बाजू एकेक करून उगवली: किल्लीवाला, शिंप्याचं दुकान आणि त्याच्या दारातला डोकं नसलेला पुतळा, औषधाचं दुकान, लाल पत्र्याची दुधाची टपरी. तो मोठ्याने नावं घेऊ लागला. मुलगी पुढच्या सीटवरून वळून "अरे वा, बाबा!" म्हणाली. शिंप्याच्या काचेत तो चालताना दिसत होता. एकटा. त्याला कळायला वेळ लागला. दुकानं रस्त्याची होती, तो वळला तरी आपल्या जागी राहिली. बायको त्याची होती. तो वळला की तीही वळायची, पावलाला पाऊल देऊन, आणि पुन्हा डावीकडे. हयात असताना ती जशी वळायची तशीच. फुटपाथ अरुंद झाला, समोरून हातगाडी आली, तरी बाजू न सोडता. त्याने गाडीत, मनात, एकदा वळून पाहिलं, दोनदा पाहिलं, मग पट्टा लावलेलं कुत्रं शेपटीमागे फिरतं तसा गरागरा फिरला. मुलीने विचारलं, "मळमळतंय का?" तो हो म्हणाला.

बायकोचे फोटो होते. मुलीने ते सगळे काढले आणि त्याच्या उजव्या हाताला मांडून ठेवले. त्यात ती होती, सबंध. फोटो उजवीकडे सरकवला की ती दिसायची, बोटासारखी, एकदम. पण फोटोत ती फोटो काढून घेत होती. हनुवटी जराशी वर, ओठ मिटलेले, दात पुढे आहेत म्हणून. फोटोवाला सांगेल तसं तोंड करून उभी राहिलेली ती बाई कुणी दुसरीच. मेहुणा आला, त्याने बहिणीच्या गोष्टी सांगितल्या, हसवलं, आणि जाताना दारात म्हणाला, "दुकानाची काळजी करू नका दाजी, तुमचं स्टूल हलवलं नाहीये मी." त्याने मान हलवली. दुकान, स्टूल, गिऱ्हाइकं, यातलं काही त्याला हवंसं राहिलं नव्हतं. उरलेला सगळा वेळ तो तिला शोधण्यात घालवत होता आणि ते बसल्या जागी करता येण्यासारखं काम होतं. डॉक्टरबाईंचं दुसरं वाक्य त्याने धरून ठेवलं होतं: उजवीकडे कुणी आलं की डावं मावळतं. मग उजवीकडे काहीच नसेल अशी एखादी आठवण हवी. तो अशा आठवणी हुडकू लागला. एकदा वीज गेली होती आणि दोघं गच्चीवर बसून होते. पण उजवीकडच्या इमारतीत कुणीतरी कंदील लावला. एकदा धुक्यात सापडले होते, हात पुढे केला तरी दिसू नये असं धुकं. त्या धुक्यात उजवीकडून एक घंटा वाजत गेली. पाण्याकाठी एका वळणावर तर कठडाही नव्हता, नुसतं पाणी आणि वर आभाळ, तिथे तो जाऊन उभा राहिला, श्वास रोखून, बघू नको, काही आणू नको, रिकामं राहू दे. होडी आली. त्या दिवशी होडी होती की नव्हती देव जाणे, पण मनाला रिकामी जागा बघवत नाही, ते काहीतरी आणून ठेवतंच. एकच वल्हं मारणारा माणूस, ओलं पाठीला चिकटलेलं बनियन. डावीकडे काहीतरी होऊ पाहत होतं, साडीचा आवाज म्हणावा तसं, आणि ते विझलं. त्या होडीवाल्याचा त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मुलीला वाटलं व्यायाम जास्त झाला, म्हणून तिने दोन दिवस व्यायाम बंद ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगी त्याची नखं कापत बसली होती. उजवा हात तो आपणहून पुढे करायचा. डाव्या हाताची वाढतच राहायची, कारण तो हात कुणाचा आहे याबद्दल त्याचं मत रोज बदलायचं. ऊन पायापाशी आलं होतं. कटरचा बारीक आवाज येत होता आणि मुलगी कसल्या तरी विचारात हळूहळू बोलत होती, आईबद्दल, लहानपणी आपण आईच्या बहिऱ्या कानात कसे गुन्हे कबूल करायचो त्याबद्दल. बशी फोडली, मार्क कमी पडले, काहीही असो, डाव्या बाजूने जायचं, कानाशी पुटपुटायचं आणि पळायचं. नंतर उघडकीला आलंच तर "मी सांगितलं होतं तुला" म्हणायला मोकळी. "मला वाटायचं तिला कळत नाही. एकदा म्हणाली, अगं, कानाला गरम वारा लागला की मला समजतं, काहीतरी भानगड आहे." मुलगी हसली. तोही हसला. हसता हसता त्याच्या मनात आलं की आपण इतके दिवस तिला बरोबर घेऊन चालत होतो. बरोबर कशाला? समोरून येऊ दे. समोर म्हणजे डावं नाही की उजवं नाही. त्याने डोळे मिटले, दुकानाच्या दारात उभा राहिला, उजवा खांदा शटरला टेकवून, आणि क्लास सुटायची वाट बघू लागला. आणि ती आली. पलीकडच्या फुटपाथवरून, पर्स खांद्याला, नेहमीची भरभर चाल. जवळ आली तसा तिचा चेहरा स्पष्ट होत गेला, एक डोळा, एक भुवई, नाकाची एक बाजू, अर्धा ओठ, आणि तिथे चेहरा संपला. पलीकडे काही नव्हतं. तुटलेलं, फाटलेलं असं काहीच नाही, चेहरा असतोच तेवढा. तरी ती तीच होती. फोटोतली नव्हे, घामेजलेली, केसांत टायपिंगच्या कागदाचा कपटा अडकलेली ती.

"अगं," तो म्हणाला.

"काय बाबा?" मुलगी म्हणाली.

"तुला नाही."

कटर थांबला. मुलीने आवाज अगदी खाली आणला. "दिसली?"

"समोर आहे. अर्धी आहे." त्याने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि पुन्हा. "ऐकत नाही. बघतही नाही इकडे."

"कुठली अर्धी?" मुलगी उठली आणि त्याच्या समोर जाऊन बसली. "बाबा, डोळे उघडू नका. हात करून दाखवा." त्याने उजवा हात पुढे केला आणि चाचपडत तिच्या गालाला लावला, मग कानाला. मुलीने त्या हातावर आपला हात ठेवला. तो तिचा डावा कान होता. समोरून येणाऱ्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे पडते, हे आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. उरला होता तो अर्धा बहिरा. त्याला वाटलं मुलगी रडणार, पण तिचा आवाज आला तो अगदी साधा, घरात वावरतानाचा. "मग हाका कशाला मारताय? हात हलवा ना."

त्याने हात हलवला. आधी संकोचून, मग उंच करून, रस्त्यापलीकडच्या माणसाला दाखवतात तसा. त्या एका डोळ्याने ते पाहिलं. अर्धा ओठ हलला, दात दिसले, लपवलेले नव्हते. ती रस्ता ओलांडून अगदी समोर आली, आणि त्याचे ओठ हलताहेत, काहीतरी सांगायचंय, हे तिच्या लक्षात आलं. नीट ऐकू यावं म्हणून ती वळसा घालून आपल्या नेहमीच्या बाजूला यायला निघाली. "थांब," तो म्हणाला, "तिथंच थांब, अगं, येऊ नको," पण ते तिला कुठून ऐकू जाणार? डोळा गेला, मग गाल, मग पर्सचा पट्टा. समोर रस्ता राहिला, आणि पलीकडच्या फुटपाथवर माणसं.

"आली का?" मुलीने विचारलं.

"आली," तो म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता. "इथंच आहे. डावीकडे असेल."